आधी पाय पळवायचे का आधी बॉल शिकवायचा? सांगलीतल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

सांगलीत संध्याकाळी पोरांची फुटबॉलची बॅच घेतो, बारा वर्षं झाली. दर एप्रिलला समर कॅम्प सुरू झाला की तेच प्रश्न परत येतात, काही ग्राउंडच्या कडेला गाडीवर बसल्या बसल्या, काही रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून (चार चार मिनिटांच्या नोट नका ओ पाठवू, टाइप करा). म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. नवीन ॲडमिशनवाल्यांनी आधी हे वाचा, मग फी विचारा.

सर, आमचा पोरगा वर्गात सगळ्यात फास्ट पळतो, फुटबॉलला घातला तर इंडियाकडून खेळेल का?

हा प्रश्न एक नंबर. दर वर्षी किमान वीस जण विचारतात.

बघा, जगात आजपर्यंत सगळ्यात फास्ट पळालेला माणूस उसेन बोल्ट, २००९ ला बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदात. हा माणूस रिटायर झाल्यावर २०१८ ला ऑस्ट्रेलियात सेंट्रल कोस्ट मरीनर्स नावाच्या क्लबकडे फुटबॉलच्या ट्रायलला गेला. एका फ्रेंडली मॅचमध्ये दोन गोल पण मारले, टीव्हीवाल्यांनी डोक्यावर घेतलं, पण पुढं पैशाचा मेळ बसला नाही आणि करार काही झाला नाही. आता विचार करा, क्लबला खरंच वाटलं असतं की हा मॅचेस काढून देईल तर पैशाकडे बघितलं असतं का. त्याचे त्यावेळचे व्हिडिओ अजून आहेत, पोराबरोबर बसून बघा. मोकळ्या जागेत पळाला की कोणाच्या हाती लागत नाही, पण बॉल पायाशी आला की पहिला टच दोन हात लांब जातोय आणि तोपर्यंत समोरचा पोचलेला. बत्तीसाव्या वर्षी तो टच शिकवता येत नाही. तो सातव्या-आठव्या वर्षापासून रोज थोडा थोडा पायात मुरवायला लागतो, लोणच्यासारखा.

तुमचा पोरगा फास्ट आहे ही चांगलीच गोष्ट आहे, मला फास्ट पोरं आवडतात. पण दहा वर्षाच्या फास्ट पोराचा एक प्रॉब्लेम असतो. तो बॉल जोरात पुढं मारतो, सगळ्यांच्या पुढं पळतो आणि गोल करतो, पालक टाळ्या वाजवतात, सर खूश, आणि त्याला ड्रिब्लिंग (बॉल पायाशी ठेवून पळणं), मान वर करून बघणं, पासचं टायमिंग यातलं काहीच शिकायची गरजच पडत नाही. चौदा-पंधराला बाकीची पोरं पण तेवढीच पळायला लागतात आणि हा तिथंच अडकतो. मग म्हणतो मला फुटबॉल बोअर होतंय. बोअर नाही होत बाबा, तुझं एकच हत्यार होतं आणि ते आता सगळ्यांकडे आलं.

मग पळणं, स्टॅमिना हे काय कामाचंच नाही का?

कोण म्हणालं असं. मोठ्या लेव्हलला एक मिडफिल्डर (मधल्या फळीतला गडी) एका मॅचमध्ये १०-१२ किलोमीटर पळतो आणि त्यात मधे मधे फुल स्पीडचे तुकडे असतात. तेवढा दम नसेल तर सत्तराव्या मिनिटाला तुमचं सगळं स्किल पायातच राहतं.

पण त्याच ९० मिनिटांत त्याच्या पायाशी बॉल किती वेळ असतो माहितीये? एखाद-दोन मिनिटं, बास. म्हणजे पायाशी आला की तेवढ्यात काम झालं पाहिजे, पहिल्या टचला. आणि बाकीची ८८ मिनिटं कुठं पळायचं, कधी थांबायचं हे डोकं ठरवतं, आणि ते डोकं पण बॉल खेळून खेळूनच तयार होतं, ग्राउंडला राउंड मारून नाही.

माझं म्हणणं फक्त क्रमाचं आहे. अंगातली ताकद आणि दम वयात आल्यावर पण वाढवता येतो, किंबहुना तेव्हाच खरा वाढतो. पायातलं कसब लहानपणी राहिलं की राहिलंच. आपल्याकडे उलटं चालतं. आठ वर्षाच्या पोराला पहिल्या दिवशी दहा राउंड, मग उठाबशा, मग बेडूकउड्या, आणि शेवटी वेळ उरला तर एका बॉलवर बावीस पोरं. तासाभरात त्या पोराला बॉल शिवायला मिळतो चार वेळा. मी स्वतः असाच शिकलो आणि पहिली दोन वर्षं असंच शिकवलं पण, खोटं कशाला बोलू.

तुमच्या बॅचमध्ये राउंड मारायला लावत नाहीत, पोरं नुसती खेळतात, मग फिटनेस कधी?

एका बाबांनी तर कंपाउंडबाहेरून ओरडून विचारलं होतं, "सर, पोरं घामाघूम झालेली दिसंनात!"

ओ साहेब, छोट्या ग्राउंडवर तीन विरुद्ध तीन पाच मिनिटं खेळून बघा एकदा स्वतः. उभं राहायला वेळच मिळत नाही. पळणं, थांबणं, वळणं, परत पळणं, सगळं त्यातच होतं आणि बॉल पण सारखा पायाशी येत राहतो. बारा वर्षाखालच्या पोराला वेगळा फिटनेस लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला लागतं ते उड्या मारणं, पडणं, तोल सांभाळणं, झाडावर चढणं, आणि आजकाल झाडावर कोण चढू देतंय? म्हणून सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं मी साखळी, लंगडी, विषामृत असलं काहीतरी घेतो. पालकांना वाटतं सर टाइमपास करायलेत. लंगडीइतका एका पायावरचा तोल कुठल्या मशीनवर येतो ते मला सांगा.

कुठल्या वयात काय शिकवायचं?

ढोबळ सांगतो, प्रत्येक पोरगं वेगळं असतं.

५ ते ८: बॉल म्हणजे खेळणं. एका पोराला एक बॉल. शिट्टी कमी, हसणं जास्त. पोझिशन वगैरे काय शिकवू नका, सगळे बॉलमागं माश्यांसारखे घोंगावणार, घोंगावू दे.

९ ते १२: हे सोन्यासारखं वय. शरीर अजून लहान आणि हलकं असतं, डोकं मात्र सांगितलेलं पटापट उचलतं, पोरगं एकच गोष्ट शंभर वेळा करायला कंटाळत नाही. दोन्ही पायांनी ट्रॅपिंग (आलेला बॉल पायानं थांबवणं), पासिंग, हुल देऊन कट मारणं, पाठीवर माणूस असताना बॉल झाकून वळणं, सगळं इथं. डावा पाय तर इथंच होतो, नंतर नुसत्या गप्पा. मॅच पाच-पाच किंवा सात-सातचीच. अकरा-अकराची मॅच या वयाला म्हणजे शेतात सोडल्यासारखं.

१३ ते १५: इथं गोंधळ. उंची अचानक वाढते, हातपाय लांब होतात आणि कालपर्यंत नाचवत असलेला बॉल पायातून निसटायला लागतो. आई-बाबा म्हणतात पोरगं बिघडलं. बिघडलं नाही, मेंदूला नवीन पायांचा हिशोब लावायला वेळ लागतोय, सहा महिने, कधी वर्ष. याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली नाहीतर टाचेत दुखतं. दुखत असेल तर खेळ कमी करा, डॉक्टरना दाखवा, "चालतंय रे, पळ" करू नका.

१६ च्या पुढं: आता करा काय करायचं ते, टेकडीवर पळा, वेट मारा, स्प्रिंट टाइम लावा. आता ॲथलीट बनवायची वेळ.

आपल्याकडची खरी तगडी पोरं क्रिकेट, कबड्डी, कुस्तीला जातात. ती फुटबॉलला आली तर आपण वर्ल्ड कप खेळू ना?

हे वाक्य फक्त आपलं नाहीये बरं का, अमेरिकेत पण हेच बोलतात. आमचे बास्केटबॉलवाले, आमचे ते हातात बॉल घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलवाले इकडं आले असते तर आम्ही जग जिंकलं असतं. तिकडं माणसं कमी नाहीत, पैसा कमी नाही, जिम तर गल्लोगल्ली. तरी ऑक्टोबर २०१७ ला त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून २-१ हरले आणि २०१८ च्या वर्ल्ड कपला गेलेच नाहीत.

आता उलट बाजू बघा. आइसलँड. २०१६ च्या युरो कपमध्ये त्यांनी इंग्लंडला २-१ नं घरी पाठवलं, तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या सव्वातीन लाखाच्या आसपास. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०११ च्या जनगणनेत पाच लाखाची. म्हणजे विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत जेवढी माणसं आहेत त्याहून कमी माणसांच्या देशानं इंग्लंडला हरवलं आणि दोन वर्षांनी वर्ल्ड कप पण खेळला. त्यांनी काय केलं, तर थंडीत पण पोरांना खेळता यावं म्हणून मोठे बंदिस्त हॉल बांधले आणि छोट्या छोट्या गावात लहान पोरांना शिकवायला सुद्धा युरोपचं लायसन घेतलेले कोच ठेवले. तगडी पोरं कुठून पकडून आणली नाहीत.

उरुग्वे घ्या, पस्तीस लाखाच्या आसपास, म्हणजे सातारा जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा. १९३० आणि १९५० चे वर्ल्ड कप त्यांच्या नावावर. तिथं लहान पोरांचं 'बेबी फुटबॉल' म्हणून गल्लीगल्लीत चालतं, छोटं ग्राउंड, छोटे गोल. क्रोएशिया चाळीस लाखाच्या आत-बाहेर, २०१८ ला फायनल, २०२२ ला तिसरा.

त्यामुळं "तगडी पोरं मिळाली असती तर" हे मला पटत नाही. साताऱ्यानं खाशाबा जाधवांसारखा पैलवान दिला, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. माणच्या दुष्काळी भागातून ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांची शर्यत) फायनलला पळाली. सांगलीचा संकेत सरगर, २०२२ च्या कॉमनवेल्थला वेटलिफ्टिंगमध्ये सिल्वर. अंगात रग असलेली माणसं या मातीत ढिगानं आहेत ओ. कमी काय आहे ते सांगू? सात वर्षाच्या पोराच्या पायात बॉल आणि शेजारी समजून शिकवणारा माणूस.

पण २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये आपली पोरं अंगानंच कमी पडली की?

हा चांगला मुद्दा आहे, याला मी उडवून लावणार नाही. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. घानाची मॅच बघताना खरंच वाटत होतं की कॉलेजची पोरं शाळेच्या पोरांशी खेळायलीत. आपला त्या स्पर्धेतला एकमेव गोल जिक्सन सिंगचा, कॉर्नरवर हेडर (डोक्यानं मारलेला), म्हणजे उंचीनंच दिलेला.

पण कोलंबियाची मॅच आठवा. ८२ व्या मिनिटाला आपण बरोबरी केली, अख्खं स्टेडियम नाचत होतं, आणि पुढच्याच मिनिटाला गोल खाल्ला. तो काय स्टॅमिनामुळं खाल्ला? माझ्या मते नाही. सेलिब्रेशननंतर लगेच परत जागेवर येऊन उभं राहणं, गडी पकडणं ही सवय असते, आणि ती सवय भरपूर मॅचेस खेळल्यावर लागते. तिकडची पोरं लीगमध्ये वर्षाला तीस-चाळीस मॅचेस खेळतात. आपल्याकडचं शाळेचं पोरगं? तालुका, जिल्हा, हरलं की घरी. दोन मॅचमध्ये वर्ष संपलं.

त्याच टीममध्ये आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे पोरांना आवर्जून सांगतो मी. पन्नास किलोमीटर पण नाही ओ कोल्हापूर.

मग कोल्हापुरात एवढं फुटबॉल आणि सांगलीत का नाही?

यावर पुस्तक होईल. थोडक्यात, तिथं पेठापेठांच्या तालमींच्या टीमा आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की घराघरातलं वातावरण बदलतं. पोरगं चालायला लागलं की मोठ्या भावाचा बॉल लाथाडायला लागतं, कोणी शिकवायला लागत नाही, गल्ली शिकवते. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट आहे, गावात कबड्डी-कुस्ती आहे, फुटबॉल अजून 'क्लासला' जाऊन शिकायची गोष्ट आहे. आठवड्याला तीन तास क्लास आणि रोज तीन तास गल्ली, यात कोण पुढं जाणार ते सांगायला मी कशाला पाहिजे.

पोराची उंची कमी आहे, काढून टाकू का?

मेस्सी १.७० मीटर. लहानपणी वाढीच्या हार्मोनची कमतरता होती, उपचार घ्यावे लागले. क्रोएशियाचा मॉड्रिच १.७२. स्पेनचा झावी १.७०. आपला सुनील छेत्री १.७०, जून २०२४ मध्ये पहिल्यांदा रिटायर झाला तेव्हा देशासाठी ९४ गोल. आणखी काय सांगू?

गोलकीपर आणि मधला बॅक (गोलसमोर बचाव करणारा) यांना उंची लागते, हे खरं आहे, नाकारत नाही. पण अकरा वर्षाच्या पोराची शेवटची उंची किती होणार हे तुम्हाला माहीत नाही, मला पण नाही.

ट्रायलला कायम उंच, तगडी पोरंच का घेतात?

कारण सरांना पुढच्या महिन्यातली मॅच जिंकायची असते. पुढच्या दहा वर्षातला प्लेयर बनवायला त्यांना कोण पगार देत नाही.

यात एक गणित आहे ते समजून घ्या. वयोगटाची तारीख साधारण १ जानेवारी धरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं पोरगं एकाच गटात, दोघांत जवळजवळ वर्षाचा फरक. दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग! साहजिक जानेवारीवालं उंच, फास्ट, तगडं दिसतं, त्याला घेतात, त्याला जास्त मॅचेस मिळतात, त्यामुळं ते खरंच पुढं जातं, आणि सर म्हणतात बघा माझी नजर. जगभरच्या युथ टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त निघतात, यावर भरपूर अभ्यास झालाय. त्यात आणि वयात लवकर आलेलं पोरगं असेल तर विचारूच नका, तेराव्या वर्षी मिशी आलेला एक गडी अख्खी शालेय स्पर्धा एकटा जिंकून देतो.

मी पण यात पाप केलंय. सात-आठ वर्षांपूर्वी अंडर-१२ ची टीम काढली. एक बारकं पोरगं होतं, बापाचं हळदीच्या व्यापारात छोटं काम, पोरगं घरामागच्या भिंतीवर रोज बॉल मारत बसायचं, दोन्ही पाय सारखे. मी त्याला बसवलं आणि चार उंच पोरं घेतली, कारण ज्या स्पर्धेला चाललो होतो तिथं ग्राउंड मोठं आणि चिखल. जिंकलो पण. कपबरोबर फोटो आहे, पेपरात पण आला होता. ते पोरगं पुढच्या महिन्यापासून आलं नाही. त्या चार उंच पोरांपैकी तिघांनी दहावीपर्यंत फुटबॉल सोडलं, बाकीच्यांची उंची वाढली आणि यांचा भाव संपला. आणि ते बारकं? आता पाच फूट दहा इंच आहे, डिप्लोमा झालाय, रविवारी रात्री मित्रांबरोबर टर्फवर खेळायला येतं. मागच्या दिवाळीत त्याच्याबरोबर खेळलो. त्याचा फर्स्ट टच आजही माझ्या कुठल्याही पोरापेक्षा भारी आहे. "सर, तेव्हा मला घेतलं नव्हतं तुम्ही," असं हसत हसत म्हणाला आणि मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो.

दाखल्यावर वय एक-दोन वर्षं कमी करून खेळवलं तर?

नको. फिफा २००९ पासून अंडर-१७ वर्ल्ड कपला मनगटाचा एमआरआय काढते, खालच्या लेव्हलला पण हाडांवरून वय बघतात. पकडला तर बंदी. आणि पकडला नाही तरी तोटाच, कारण लहान पोरांना ताकदीनं हरवायची सवय लागते, शिकणं थांबतं. खऱ्या वयाच्या पोरांसमोर आला की उघडा पडतो.

खो-खो पण खेळते/खेळतो, सोडायला लावू का?

अजिबात नाही! माझ्या बॅचमधली सगळ्यात चपळ पोरं खो-खोवाली आहेत. दिशा बदलणं, हुल देणं, वाकून पळणं, मागून कोण येतंय ते न बघता कळणं, सगळं फुटबॉलच्या कामाचं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या पुरुषांनी पण जिंकला आणि महिलांनी पण. बारा-तेरापर्यंत दोन-तीन खेळ खेळू दे, एकच खेळ बारा महिने खेळवला की एकाच जागी दुखणी सुरू होतात आणि पोरगं सोळाव्या वर्षी कंटाळतं.

"पण सर तुम्हीच म्हणाला लहानपणी बॉल पाहिजे." हो की, पण रोज अर्धा तास बॉल आणि बाकी वेळ खो-खो, पोहणं, काहीही. लवकर सुरू करणं आणि बाकी सगळं बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यात लोक कायम घोळ करतात.

मुलींना पण हेच लागू का? आणि मुलींना कशाला फुटबॉल, असं आजी विचारतायत.

आजींना सांगा, आपल्या सांगलीची स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या अंडर-१५ क्रिकेट टीममध्ये होती. नऊ वर्षाची पोरगी पंधरा वर्षाच्या पोरींत! ताकदीवर निवड केली असती तर तिला कोण घेणार होतं? आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला सतराव्या वर्षी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली. तिरंदाजी वेगळी गोष्ट आहे, कबूल, पण लहानपणापासून हात बसला की काय होतं ते कळतं.

मुलींचं फरकाचं एवढंच. त्यांची उंची मुलांपेक्षा दोनेक वर्षं आधी वाढते, अकरा-बाराला, म्हणून स्किलचं वय पण थोडं आधी धरा, सातव्या-आठव्या वर्षी आणा, आठवीत गेल्यावर नको. आणि गुडघ्याची लिगामेंट तुटायचा धोका मुलींना जास्त असतो, त्यामुळं उडी मारून नीट गुडघे वाकवून उतरायला मी वेगळं शिकवतो. फिफाचा '११ प्लस' नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, मोठ्या मुलींना तोच देतो. इथं मात्र ताकदीचा व्यायाम आधी, हे मान्य.

माझा मुलगा चौदाचा आहे, उशीर झाला का?

मजेसाठी कधीच उशीर नाही. इंडिया वगैरे म्हणत असाल तर खरं सांगतो, आउटफिल्डला (गोलकीपर सोडून बाकीच्या जागांना) अवघड आहे. लोक मला इंग्लंडच्या जेमी वार्डीचं उदाहरण देतात, फॅक्टरीत काम करायचा, २०१२ पर्यंत खालच्या लीगमध्ये होता आणि २०१६ ला लेस्टरबरोबर प्रीमियर लीग जिंकला. बरोबर आहे, पण तो मोठ्या क्लबला उशिरा दिसला, बॉलला पाय उशिरा लावला नव्हता. लहानपणापासून खेळतच होता.

पोरगं उंच असेल, व्हॉलीबॉल-हँडबॉल खेळलेलं असेल, हात चांगले असतील, तर गोलकीपर करून बघू. तिथं उशिरा आलेल्याला थोडी जागा असते.

घरी काय करून घ्यायचं?

एक भिंत आणि एक बॉल. शेजाऱ्यांना आधी विचारा. रोज वीस मिनिटं, उजव्यानं मारायचा, डाव्यानं थांबवायचा, मग उलटं. पाच-सहा मीटरवरून सुरू करा. कंटाळा आला तर टेनिस बॉलनं जगलिंग (पायावर बॉल उडवत ठेवणं). अंगणात दोन विटा ठेवून गोल करा आणि बाबांनी स्वतः गोलकीपर व्हा, मोबाइल घरात ठेवून. फुटसालचा (पाच-पाच जणांचं हॉलमधलं फुटबॉल) बॉल मिळाला तर उत्तम, तो उडत कमी असल्यामुळं पायाला चिकटून राहतो, ब्राझीलची पोरं त्याच्यावरच हात, म्हणजे पाय, साफ करतात.

यूट्यूबवरचे ट्रिक शॉट बघून चार कोनमधून नागमोडी बॉल नेणं म्हणजे पूर्ण स्किल नव्हे हे पण सांगतो. कोन हलत नाही, पाय घालत नाही. समोर जिवंत माणूस पाहिजे, मग तो धाकटा भाऊ का असेना.

जिम, प्रोटीन पावडर?

बारा वर्षाच्या पोराला पावडर कशाला? अंडी, दूध, उसळ, शेंगदाण्याचा लाडू, ज्वारीची भाकरी. स्वतःच्या वजनाचे व्यायाम, जोर, बैठका, लोंबकळणं, नीट शिकवणारा असेल तर चालतात आणि त्यानं उंची खुंटत नाही. जड वजन उचलायची स्पर्धा मात्र वयात येईपर्यंत नको. गल्लीतल्या जिमवाल्याचं ऐकून डबा आणू नका, तो त्याचं दुकान चालवतोय.

हेडिंग कधीपासून शिकवता?

बारानंतर, तेही हलका बॉल घेऊन. अमेरिकेत दहा वर्षापर्यंतच्या पोरांना हेडिंग बंद आहे, इंग्लंडच्या फेडरेशननं पण २०२० मध्ये प्रायमरीच्या पोरांना ट्रेनिंगमध्ये हेडिंग नको असं सांगितलं.

एवढं सगळं आहे तर देशानं काय करायला पाहिजे?

मला देश चालवायला दिला नाही अजून. पण दोन उदाहरणं डोक्यात बसलीत.

जर्मनी २००० च्या युरोमध्ये गटात शेवटचा आला, तीन मॅचमध्ये एक पॉइंट. तगडे होते की ओ ते, पळण्यात कोणाला ऐकत नव्हते, पण बॉल पायात ठेवणारे संपले होते. मग मोठ्या क्लबना युथ अकॅडमी काढणं सक्तीचं केलं आणि २००२ पासून देशभर साडेतीनशेच्या वर सेंटर काढले, क्लबच्या नजरेतून सुटलेल्या गावाकडच्या पोरांना आठवड्यातून जादा स्किल ट्रेनिंग द्यायला. त्या वर्षी मारियो गोत्झे दहा वर्षाचा होता. २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये छातीवर बॉल घेऊन खाली पडायच्या आत डाव्या पायानं मारलेला तो गोल आठवतोय ना? तो टच बघा.

दुसरं बेल्जियम. त्यांनी लहान पोरांच्या मॅचेसचं स्वरूपच बदललं, आधी दोन-दोन, मग पाच-पाच, मग आठ-आठ, आणि शेवटी अकरा. २०१८ ला वर्ल्ड कपमध्ये तिसरे.

आपल्याकडे हे सांगली जिल्ह्यापुरतं करायचं म्हटलं तरी फार काही लागत नाही. शाळांच्या ग्राउंडवर शनिवारी सकाळी पाच-पाचची लीग, कप नाही, बक्षीस नाही, फक्त वर्षाला तीस मॅचेस. शाळेच्या पीटी सरांना फेडरेशनचा सुरुवातीचा कोचिंग कोर्स. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी ही कल्पना घेऊन गेलो होतो, चहा दिला, अर्ज ठेवून घेतला, आणि म्हणाले सर, कप नसेल तर उद्घाटनाला कोणाला बोलवायचं?

कुठला बॉल, कुठले बूट?

आठपर्यंत तीन नंबर, नऊ ते बारा चार नंबर, त्यापुढं पाच नंबर. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तो आठ वर्षाच्या पोराला दिला की ते पायाच्या अंगठ्यानं ठोसे मारायला शिकतं आणि ती सवय मग जात नाही. "पुढं वापरता येईल" म्हणून मोठा बॉल घेऊ नका, स्वेटर नाही तो. बूट पण तेच, दोन नंबर मोठे घेऊन पुढं कापूस घालू नका. शिनगार्ड पाहिजेतच.

पावसाळ्यात बॅच असते का?

असते. जोराचा पाऊस आणि विजा असतील तर सुट्टी, बारीक पावसात खेळतो, चिखलात पोरं जास्त खूश असतात, एक जुना टॉवेल पाठवा. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की मात्र ग्रुपवर मेसेज येईपर्यंत पोरांना घरीच ठेवा. २०१९ ला ग्राउंडवर पाणी चढलं, गोलपोस्टचा फक्त वरचा दांडा दिसत होता, तेव्हा महिनाभर आम्ही एका पालकांच्या पार्किंगमध्ये भिंतीवर बॉल मारत होतो. त्या महिन्यात पोरांचा डावा पाय जेवढा सुधारला तेवढा नंतर कधी नाही. यंदा पाऊस कमी झाला तरी ऑगस्टचा एक आठवडा पार्किंगमध्येच घेणार आहे, गाड्या कुठं लावायच्या ते आत्ताच ठरवून ठेवा.